जळक्या कैचीला चेनपुली

मी शिकलो तो माझ्या मामांमुळे. दहावीनंतर त्यांनी मला नगरला आपल्या एका खोलीच्या संसारात ठेवून घेतलं. आमच्या घरातला पहिला इंजिनिअर त्या खोलीत तयार झाला.

मामा एमआयडीसीत फोमच्या गाद्यांच्या कारखान्यात फिटर होते. नव्वदच्या दशकात मी पुण्यात नोकरीला लागलो त्याच वर्षी, दसऱ्याच्या तोंडावर, त्यांच्या शेडला आग लागली. कोणाला इजा झाली नाही. मी रविवारी नगरला गेलो, तर मामा मला शेडमध्ये नेऊन कौतुकानं दाखवायला लागले.

"बघ, गाद्यांची राख झाली, पन सांगाडा जागचा हलला न्हाई. लोखंड हाय ते!"

मी वर पाहिलं. पत्रे पेलणाऱ्या लोखंडी कैच्या मधोमध खाली झुकल्या होत्या. आणि येत्या शुक्रवारी, खंडेनवमीला, त्यांतल्याच एकीला चेनपुली टांगून मामा आग विझवताना भिजलेली मोटर उचलणार होते. पूजेला सगळे कामगार त्याच छताखाली जमणार होते.

"मामा, लोखंड जळत नाही, पण तापलं की मऊ पडतं. लाल व्हायला लागेपर्यंत निम्मा जोर गेलेला असतो."

"आता गार झालं की! आगीत पडलं न्हाई, ते आता पडंल व्हय?"

"जोर बराचसा परत येतो, पण वाक जात नाही..."

"इंजिनिअरसाहेब पत्र्याला भ्याले!" मामांचा जोडीदार म्हणाला. राख उपसायला आलेले सगळे हसले. मामाही हसले. त्यांच्यापुढे आवाज चढवायची मला सवय नव्हती.

त्याच संध्याकाळी मी पुण्याला परत निघालो. एसटीतून रस्त्याकडेची प्रत्येक शेड मी मान वळवून पाहत होतो. मामांच्या घरी फोन नव्हता. सोमवारी पोस्ट उघडायच्या आधीच मी रात्री लिहिलेलं पत्र घेऊन दारात उभा होतो.

"तीर्थरूप मामा,

आगीत ती कैची पडली नाही, कारण तिच्यावर फक्त पत्र्याचं ओझं होतं. आता ती वाकली आहे आणि तुम्ही तिला मोटर टांगणार आहात. तापून गेलेले बोल्ट वरून धडच दिसतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. पूजा बाहेर मोकळ्यावर मांडा. कोणी हसलं तर भाचा भित्रा आहे म्हणून सांगा. मी रजा टाकली आहे, खंडेनवमीला सकाळीच पोचतो. मालकांशी मी बोलेन. तोवर मोटर आहे तिथंच राहू द्या, आणि तुम्ही आत जाऊ नका. एवढं माझं ऐका.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा"