एकच धडा बोलत होता

रुबीना मॅडमला मी फसवलं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही.

पनवेलच्या बाजारात लग्नपत्रिका टाइप करत मी वर आलो. कॉलेज नाही, वशिला नाही. भाव पाडण्यात मला हरवणारा मात्र अजून भेटायचाय. अशा माणसाला सरकारी शाळांचे ऑनलाइन धडे बनवायचं काम मिळालं. अट एकच – अंध मुलांच्या फोनला ते वाचून दाखवता आले पाहिजेत.

आम्ही टाइप करायचो पत्रिकांच्याच जुन्या फॉन्टमध्ये. पडद्यावर सुरेख मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. डोळ्यांना काही कळत नाही. फोन वाचू लागला की मात्र – के, डॉलर, एम, कंस. मला माहीत नव्हतं? सगळे धडे टाइप झाल्यावर कळलं, हो. मुदत वाढवून मागता आली असती. पण मग कबूल करावं लागलं असतं की शिकलेल्यांचं काम मला जमलं नाही. आणि ते – नाही, ते मी कुणापुढे म्हणत नाही.

म्हणून एकच धडा, फोनला वाचता येईल असा, नव्याने करून घेतला. विज्ञानाचा, पहिला.

तपासायला रुबीना मॅडम आल्या. स्वतः अंध, अंध मुलांना शिकवणाऱ्या. माझ्या दुकानात बसून, फोन कानाला लावून त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

"माशाल्ला शेठ, आकृतीपण समजावलीत. बाकीचे असेच ना?"

"असेच," मी म्हणालो. आणि चहा मागवला.

त्यांनी सही केली. शिक्षण खात्याच्या साहेबांनी पडद्यावर दोन पानं सरकवली, "छान दिसतंय," म्हणाले, मंजूर.

परीक्षेच्या तोंडावर कोन गावच्या एका अंध मुलीने मॅडमना विचारलं, "फोन नुस्ता एबीसीडी बोलतंय. तुमी तपासलं हाय ना?" मॅडमनी हे मला जसंच्या तसं ऐकवलं. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, फोन बिघडला असेल तिचा.

ती मुलगी त्या वर्षी परीक्षेला बसलीच नाही. तक्रार वर गेली, आणि साहेबांनी तपासनिसांच्या यादीतून मॅडमचं नाव काढलं. "अंध बाई काय तपासणार," असं माझ्यासमोर म्हणाले. मी – बाजारात रुपयासाठी भांडणारा – गप्प उभा होतो.

नंतर सगळे धडे मी नव्याने टाइप केले. त्याचं कौतुक नको. माफीही नको.

पण साहेब, आज हे तुम्हालाच सांगतोय – अख्ख्या कामात प्रामाणिकपणे तपासलं फक्त त्या बाईने. तुम्ही एक तरी धडा ऐकला होतात? नाव काढलं त्या कागदावर सही तुमची आहे. चला त्या बाईच्या घरी. चूक कुणाची, ते तिच्यासमोर बसून सांगायचं. आधी मी सांगतो – माझी. मग तुम्ही बोला.