उत्तरांची पानं माझ्याकडे होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही — आणि तुम्हाला का सांगतेय, तेही मला नीट माहीत नाही. पण बसा.

आमच्या प्रांताची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या छप्पन सालच्या दिवसांतली गोष्ट. शिक्षकांच्या ट्रेनिंगला प्रवेश परीक्षा लागली आणि तिच्यात तर्काचे प्रश्न आले. पाच माणसं एका रांगेत बसलीत, अमका तमक्याच्या डावीकडे, तर मधे कोण? असले. मी आणि कुसुमनं मिळून एकच पुस्तक घेतलं. कुसुम फोपनार गावची, घरची केळीची बाग. शिकायला शहरात, आमच्या शनवारा मोहल्ल्यात मामाकडे राहायची. वडिलांनी तिला एवढी एकच संधी दिली होती — नंबर लागला तर शिक, नाही तर घरी ये.

सोडवताना मागं डोकावायला नको, म्हणून आम्ही ते शिवणीतून उसवलं. प्रश्न तिच्याकडे, मागची उत्तरं माझ्याकडे; सोडवायचं दोघींनी, तपासायचं मी. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. निदान मला तसं वाटतं.

कुसुम चिंचोके घेऊन बसायची. एकेक चिंचोका म्हणजे एकेक माणूस. ओट्यावर ते इकडचे तिकडे सरकवले की झालं. मी अजून वहीत रेघा मारतेय, तोवर हिचं उत्तर तयार. माझे वडील गणिताचे मास्तर. एकदा उभे राहून बघत होते, म्हणाले, "या पोरीचं डोकं चालतं." माझ्याबद्दल ते असं कधीच बोलले नव्हते. पोटात दुखलं माझ्या — दुसरा शब्द कशाला शोधू?

दुसऱ्या दिवशी तिनं उत्तर सांगितलं. बरोबर होतं. मी पानाकडे बघून म्हटलं — चूक.

मग रोजच. सगळी नाही हं, रोजच्या सहा उत्तरांतली दोन-तीन. सगळी चूक म्हटली असती तर तिला शंका आली असती. तेवढा तर्क मला येत होता. ती बिचारी पुन्हा चिंचोके मांडायची, पुन्हा तेच उत्तर यायचं. "मले तं हेच बरोबर वाटते गं," म्हणायची. पुढे पुढे तेही म्हणेना. नुसती माझ्या तोंडाकडे बघायची. पान दाखव, असं एकदाही म्हणाली नाही — का म्हणेल?

अर्जाच्या शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, भरू का? मी म्हटलं, राहू दे, उगाच फजिती होईल. ती फोपनारला गेली. मी परीक्षा दिली, माझा नंबर लागला, चौतीस वर्षं शिकवलं. मुलांना अवघड गेलं की चिंचोके मांडून दाखवायची. मुलं म्हणायची, बाईंची पद्धत.

खूप वर्षांनी ती बाजारात भेटली. केस पिकलेले. केळीची फणी माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाली, "बरं झालं तू तवा खरं सांगितलं. नाही तं सगळ्यांसमोर फजिती झाली असती माही."

आणि मी? मी हसले. केळी घरी आणली, आम्ही सगळ्यांनी खाल्ली. गोड होती.