लॉकवरचं हळदकुंकू

टेबल खाली आलं तेव्हा त्याचा उजवा हात आत होता. तो ओरडला नाही. "मावशी, पेडल," एवढंच म्हणाला. मी पेडलवर पाय दिला आणि दाबत सुटले. सात-आठ वेळा दाबल्यावर टेबल उचललं गेलं आणि त्याने हात बाहेर काढला. दोन बोटं गेली हे मला बघताच कळलं.

टेबल म्हणजे मोटारसायकल उचलायचं लिफ्ट टेबल. वर लोखंडी फळी, खाली कात्रीसारखे पाय. गाडी फळीवर चढवायची, पट्ट्यांनी बांधायची आणि पायाने पंप मारत कमरेएवढी वर न्यायची.

तो आमच्या शेजारी राहायचा. नागपूरचा, पन्नाशी उलटलेला, एकटा. आठवडाभर कॉम्प्युटरवर काम आणि शनिवारी मोटारसायकल खोलून बसायचं. इथे टेक्सासमधल्या फ्रिस्कोत आमच्या गल्लीतली सगळी गॅरेजं बंद असतात, याचं उघडं. शनिवारी मुलगा आणि सून नातवंडांना क्लासला घेऊन जात, तेव्हा मी खुर्ची घेऊन त्याच्याकडे जाऊन बसायची.

टेबल निवडायला त्याने तीन महिने लावले. गुडघे दुखायला लागले होते, जमिनीवर बसून काम होईना. "बायको निवडताना इतका टाइम दिला असता ना मावशी, तर संसार टिकला असता," म्हणायचा. गॅरेजची उंची मोजली. गाडीच्या दुप्पट वजन पेलणारंच हवं म्हणाला. विजेवरचं नको, पायाने चालणारं हवं.

"विजेचं सोपं नाही का?" मी विचारलं.

"पायाला वजन समजते जी. बटणाला काय समजते?"

आणि लॉक हवंच. लॉक म्हणजे एक जाड दांडी. टेबल वर गेलं की पायांमधून आरपार घालायची, मग पंप सुटला तरी टेबल खाली येत नाही. दांडी घातली की तो पान्याने तिच्यावर टक टक असं दोनदा वाजवायचा आणि म्हणायचा, "आधी लॉक, मग हात." मी डबा नेला तरी झाकणावर टक टक करून तेच. "पोळी काही पडत नाही अंगावर," मी म्हणायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एक वाक्य धरतात आणि जन्मभर तेच वापरतात.

त्या वर्षी खंडेनवमी शनिवारी आली. तो सकाळीच अर्विंगला किराणा आणायला गेला होता. गाडी आठवडाभर टेबलावर होती, कुठला तरी पार्ट यायचा होता. गॅरेजचं दार उघडायचा नंबर मला ठाऊक होता. एकट्या माणसाच्या हत्यारांची पूजा कोण करणार, म्हणून मी पाट घेऊन गेले. पाने, पक्कड, हातोडी मांडली. दांडी सगळ्यांत चकचकीत. थोडी हलवली, निघाली. ती कशाची आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. शंभरदा ऐकलं होतं. पण टेबल जागचं हललं नाही, म्हणून म्हटलं, उद्या परत घालू. दांडीला हळदकुंकू लावलं, वर झेंडूची फुलं ठेवली.

तो आला, चपला काढून पाया पडला. "आई गेल्यापासून हे कोणी केलं नाही मावशी."

"उद्या दसऱ्यापर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही," मी बजावलं.

"नाही लावत जी."

फुलांखाली काय आहे ते त्याने उचकून पाहिलं नाही. त्याच दिवशी आलेला नवा पार्ट नुसता हाताने बसवून बघत होता, तेवढ्यात नट टेबलाखाली घरंगळला. पाना पाटावर होता, म्हणून टक टक झाली नाही. लॉक त्याने आठवड्यापूर्वी स्वतः घातलेलं होतं, ते आहेच असं धरून चालला. तो वाकला, आत हात घातला, आणि त्याचा गुडघा टेबल उतरवायच्या पेडलवर टेकला.

अँब्युलन्स त्याला घेऊन गेली. मी मागे राहिले आणि दांडी पाटावरून उचलून जागच्या जागी घातली. तिच्यावरचं हळदकुंकू पुसायचं मला सुचलं नाही.

हॉस्पिटलमध्ये त्याने सगळ्यांना सांगितलं, "माझीच चूक, लॉक बरोबर बसलं नव्हतं." मी तिथे उभी होते. घरी येऊन मुलाला म्हटलं, "माणसाने लक्ष देऊन काम करावं." हेही मीच बोलले.

चार दिवसांनी त्याच्याकडे गेले. दांडी पुसून लख्ख केली होती. एका हाताने कशी पुसली असेल कोण जाणे. "चहा मांडता काय मावशी?" एवढंच तो म्हणाला. आधी लॉक, मग हात हे पुन्हा कधी त्याच्या तोंडून ऐकलं नाही.

दिवाळीच्या कार्यक्रमात आपल्या इथल्या मराठी मंडळाने मला शाल आणि श्रीफळ दिलं. काय तर म्हणे प्रसंगावधान. चौथी शिकलेल्या बाईने पेडल मारून माणूस वाचवला. हे वाचणारे तुमच्यातले बरेच जण त्या हॉलमध्ये होते, टाळ्या वाजवत होते. तो पहिल्या रांगेत होता. उजव्या हाताला पट्टी, म्हणून डावा हात मांडीवर आपटत होता. मी शाल घेतली. मान खाली घालून घेतली, लोकांना तो विनय वाटला.

पुढे त्याने मोटारसायकल विकली, टेबल विकलं आणि रेडमंडला नोकरी धरली. निघताना माझ्या पाया पडायला आला. तीन बोटांचा हात माझ्या पावलांवर आला तेव्हा सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं.

"राहू द्या मावशी," तो म्हणाला. "पेडल पण तुम्हीच मारलं ना जी."

मी म्हटलं, "जपून जा."

आता तिथे तो उजव्या हाताच्या तीन बोटांनी टाइप करतो, असं मुलगा सांगतो. शाल माझ्या कपाटात आहे, घडी मोडलेली नाही. त्या दिवशी गॅरेजमध्ये आम्ही दोघंच होतो. दांडी मी काढली होती. दोघंही जिवंत आहोत, विचारून बघा.