पाडव्याचा लीमडो

यंदा आमची गुढी सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये उभी राहिली... कारण बडोद्यात गोरव्याला आमचा जो फ्लॅट आहे, त्याला खिडकी एकच, तिला ग्रिल, आणि ग्रिलबाहेर एसी. काठी काढायची कुठून?

आई-बाबा ताईकडे नागपूरला गेलेत. त्यामुळे वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच गुढी माझ्या हातची. आई जरीचं कापड, तांब्या, साखरेची गाठी सगळं काढून ठेवून गेली होती आणि फोनवर चार वेळा बजावत होती, कडुलिंब विसरू नकोस. मी तोऱ्यात म्हणालो, एवढं कळतं मला.

शेजारचा जिग्नेश, त्याची बायको हेतलबेन आणि सोसायटीतल्या आणखी दोघा-तिघा मित्रांना बोलावलं होतं. सगळे गुजराती. त्यांच्यापुढे आठवडाभर आमच्या पाडव्याबद्दल फुशारक्या मारून झाल्या होत्या, त्यामुळे आता इज्जतीचा सवाल होता...

आदल्या दिवशी भाजीवाल्याकडे गेलो. कडुलिंबाला गुजरातीत लीमडो म्हणतात, हे माझं ज्ञान. लीमडो मागितला. त्यानं भलीमोठी जुडी दिली आणि सोबत आलं-मिरची टाकू का, असं विचारलं. मला वाटलं, काय धंदेवाईक माणूस आहे.

सकाळी प्लॉटमधल्या झाडाच्या बुंध्याला काठी बांधली, गुढी सजवली. पानांना सांबारसारखा वास येत होता... पण मी उपाशी होतो, मला सगळ्यालाच तसला वास येत होता.

पूजा झाली. मी प्रत्येकाच्या हातावर सहा-सहा पानं आणि गुळाचा खडा ठेवला आणि छोटंसं भाषण ठोकलं. वर्षाची सुरुवात कडू खाऊन करायची, वगैरे. सगळ्यांनी गंभीरपणे चावलं. मीही चावलं. फारसं कडू लागलं नाही, म्हटलं, गूळ चांगला असणार.

मग ऐटीत आईला व्हिडिओ कॉल लावला. आई बघतच राहिली. चष्मा आणला. फोन जरा जवळ ने म्हणाली.

"अरे, ही गुढी आहे की कढी?"

भाजीवाल्याकडे लीमडो मागितला की मीठो लीमडो मिळतो, म्हणजे कढीपत्ता. बडोद्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. मला नव्हतं, कारण मी आजवर भाजी फक्त खाल्लीय. "आणि काठी कुठल्या झाडाला बांधलीयस, ते जरा वर बघ," आई म्हणाली.

वर बघितलं... कडुलिंब. कोवळ्या पानांनी लगडलेला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेतलबेनना विचारलं, तुम्ही तर दर चैत्रात कडुलिंबाचा रस काढून पिता, तुम्हाला बघताक्षणी कळलं असणार ना? त्या संकोचून म्हणाल्या, "अमने एम के तमारामां मीठो ज खाता हशे." म्हणजे यांना वाटलं, मराठी लोकांत कढीपत्ताच खायची पद्धत असेल! आणि मी कडू कडू म्हणत होतो त्याचं काय? तर म्हणे, तुम्ही इतक्या मनापासून सांगत होता, मध्ये कसं बोलायचं...

मग आईच्या देखरेखीखाली खरी डहाळी तोडली, बांधली आणि सगळ्यांना पुन्हा पानं दिली. या वेळी सगळ्यांची तोंडं नीट वाकडी झाली. जिग्नेशचं मत पडलं की पहिलावालाच बरा होता.

हसून हसून पुरेवाट झाली, पण नंतर मला खरंच भरून आलं. सणासुदीच्या सकाळी, माझा शब्द म्हणून, सहा-सहा कच्ची कढीपत्त्याची पानं मुकाट्यानं चावणारी माणसं माझ्या शेजारी राहतात. मी त्यांच्यासाठी एवढं केलं असतं का, माहीत नाही.

संध्याकाळी गुढी उतरवली. ती कढीपत्त्याची जुडी हेतलबेन घेऊन गेल्या आणि तासाभरानं पातेलं आमच्या दारात. आईला लगेच फोटो पाठवला आणि खाली लिहिलं... ही कढी.