इब्राहीमचाचांची खोटं बोलायची रीत

हिंगोलीच्या आमच्या पिंजार गल्लीत इब्राहीमचाचांइतकं खोटं कुणी बोलत नाही. आणि गल्लीच्या जेवढ्या खऱ्या गोष्टी मला ठाऊक आहेत, त्यातल्या बहुतेक त्यांच्या खोट्यामुळेच बाहेर आल्या आहेत. चाचांनी हे वाचलं तर म्हणतील, "हेबी खोटं हाय."

चाचा पिंजारी. तरुणपणी खांद्यावर कापूस पिंजायची पिंजण टाकून पार औंढ्यापर्यंत गाद्या पिंजत फिरले. दिवसभर लोकांच्या अंगणात बसायचं म्हणजे बोलायला काहीतरी पाहिजे. तेव्हा त्यांना एक शोध लागला. 'हे झाड कुणी लावलं' असं विचारलं की घरातले म्हणतात, 'काय म्हाईत बापा.' पण 'हे झाड तुमच्या थोरल्या चुलत्यानं लावलं ना?' असं ठोकून दिलं की झोपलेला म्हाताराही उठून बाहेर येतो. चुलता कसा आळशी होता इथपासून सगळं निघतं, चहा दोनदा येतो आणि गादी केव्हा भरून झाली ते कळत नाही.

आता गाद्या फोमच्या आल्या. पिंजण खुंटीला लागली आणि चाचा ओट्याला.

समोरच्या ओट्यावर थावराबापू राठोड बसायचे. कनेरगाव नाक्याकडच्या तांड्यावरचे. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरलेले. बापूंनी शेती पोराच्या गळ्यात घातली होती आणि रोज सकाळी काळीपिवळी जीपमध्ये बसून ते हिंगोलीत यायचे. कशाला? तर चाचांना खोटं पाडायला. दुसरं काहीही काम नसायचं.

गल्लीच्या तोंडाशी एक दगडी हौद आहे. चाचा चुना लावून पान तोंडात टाकायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "हौद माझ्या आज्यानं बांधला."

"खोटं!" बापू तिथूनच ओरडायचे. "तुह्या आज्याकडं एक शेळी नव्हती इब्राम्या, हौद काहून बांधीन तो? माह्या आज्यानं बांधला. बैल तहानले व्हते त्याचे."

मग बैल कुठे थांबायचे, मिठाच्या गोण्या कुठे उतरायच्या, कुठल्या बैलानं कुणाच्या पागोट्याला शिंग लावलं, सगळं यायचं. भांडण रोज तेच असलं तरी त्यात एखादी गोष्ट नवी असायची. गल्लीला दोघांची वाक्यं पाठ होती. पण बापूंचं 'खोटं' हे बापूंनीच म्हणायचं. त्यांच्या जागेवर जसं कुणी बसायचं नाही, तसंच हे.

थंडीत बापू गेले.

आता माझं सांगते. मी दिपा. शहरातल्या जुन्या जागांच्या आठवणी जपणं हे माझं काम. हेच काम करणारे आम्ही वेगवेगळ्या शहरांतले काहीजण दरवर्षी एकेकाच्या गावी जमतो. आधी आम्ही मोठे पाहुणे बोलवायचो. ते माइकवर बोलायचे आणि आम्ही डुलक्या काढायचो. मग ठरवलं, पाहुणा नको. ज्यानं त्यानं लोकांना बोलतं करायची आपली युक्ती दाखवायची, बाकीच्यांनी शिकायची, आणि जाताना एका जागेची पाटी रंगवून लावायची.

यंदा पाळी हिंगोलीची होती. सोलापूरच्या मिनाची युक्ती जुन्या लग्नांच्या फोटोंची. तिनं गल्लीतल्याच घरांतले फोटो मागून मांडले, तर बायका कोण किती जाड झालं एवढंच बघून हसत बसल्या. नांदेडचा रणजीत हौदापाशी उभा राहून नम्रपणे विचारत होता, "इथं पूर्वी काय होतं?" जो तो म्हणे, "काय म्हाईत बापा." मला आतून गुदगुल्या होत होत्या. माझी युक्ती तर ओट्यावर पान लावत बसली होती.

मी चाचांना खूण केली. चाचांनी पान तोंडात टाकलं आणि गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "हौद माझ्या आज्यानं बांधला!"

आणि सवयीनं समोर पाहिलं. समोरचा ओटा रिकामा होता.

संतोष शिंप्याचं मशीन थांबलं. फोटो बघणाऱ्या बायका त्या ओट्याकडे बघू लागल्या. 'खोटं' म्हणायला कुणी पुढे येईना. बापूंचं वाक्य आपण कसं म्हणायचं? बिचाऱ्या रणजीतला यातलं काय ठाऊक! त्यानं पाटी मांडीवर घेतली, ब्रश बुडवला आणि लिहिलं, 'हा हौद'.

बापूंच्या आजोबांचा हौद दिवसाउजेडी चाचांच्या आजोबांच्या नावावर जात होता आणि खोटं चाचांचंच होतं.

"माझ्या आज्यानं!" चाचा पुन्हा म्हणाले. आवाज फाटला होता. रणजीतनं मान हलवली आणि पुढे लिहिलं, 'इब्राहीम'.

चाचा ताडकन उठले. "अरे काय लिहून राहिला? आन् तुमी काय बघून राहिले? कोणी तरी म्हणा रे खोटं हाय! थावऱ्या असता तर गचांडी धरली असती माझी!"

त्यांचे डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांच्याच दाराचा पडदा हलला.

"खोटं!"

खतीजाबी, चाचांची बायको, हातात दाभण घेऊन बाहेर आली. वर्षानुवर्षं ती त्या पडद्यामागे गोधड्या टाचत हे भांडण ऐकत होती.

"साफ खोटं," ती म्हणाली. "आन् थावराभाऊबी अर्धंच खरं सांगत व्हते. दगड त्यांच्या आज्यानं आणले, बराबर. पण रोज पाणी कोण भरत व्हतं? ह्यांची आजी आन् थावराभाऊची आजी! आडावरून घागरी आणू-आणू कमरा गेल्या त्यांच्या. बांधला, बांधला करून राहिले दोघं. कोरड्या हौदावर बैल काय चाटत व्हते का?"

चाचांनी डोळे पुसले. मग कंबरेवर हात ठेवले. "तुला कोणी सांगितलं? माझी आजी आडावर जायचीच न्हाई!"

"जायची! तुमच्या अम्मीनं सांगितलं मला."

"अम्मीला काय म्हाईत?"

"अम्मीला न्हाई म्हाईत, आन् तुमाला म्हाईत?"

झालं. संतोष मशीन सोडून आला. फोटोनंतर जाड झालेल्या बायकांनी आडाची जागा दाखवली, दुसऱ्यांनी दुसरीच दाखवली. मिना लिहून घेत होती आणि हसत होती. ही युक्ती आपण सोलापुरात नेणार, असं तिनं लगेच जाहीर केलं. रणजीत अर्धी पाटी धरून तसाच बसला होता. शेवटी त्यानं चाचांचं नाव पुसलं.

पाटी आता हौदावर आहे. 'हा हौद. दगड थावराबापू राठोड यांच्या आजोबांनी आणले. पाणी दोन बायका भरत होत्या. बाकीचं भांडण समोर चालू आहे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीतून जात होते. काळीपिवळीची वेळ झाली होती. खतीजाबीनं अर्धी गोधडी काखेत मारली, गल्ली ओलांडली आणि बापूंच्या ओट्यावर जाऊन बसली. संतोषचं मशीन चालूच राहिलं.

चाचांनी पान तोंडात टाकलं. "हौद माझ्या आज्यानं बांधला."

तिनं दाभणात दोरा ओवला आणि मान वर न करता म्हणाली, "खोटं."