गुडघ्याची वाटी, डोळ्यातली बाहुली

धर्मपाल पेंटर आमच्या शाळेत पहिल्यांदा आले, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच त्यांचं नि माझं वाजलं.

मी बोरी अरबच्या जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते. शाळेच्या रस्त्याकडच्या लांब भिंतीवर माणसाचं शरीर रंगवून घ्यायचं आणि अवयवांची नावं लिहायची, असं ठरलं होतं. इंग्रजी नावंही देवनागरीतच, म्हणजे पाचवीच्या पोरांनाही वाचता येतील. दोन दिवस खपून मी चाळीस शब्दांची यादी केली होती.

धर्मपालभाऊंनी मोपेड भिंतीला टेकवली, "जयभीम मॅडम" म्हणाले, चष्मा पुसून यादी वाचली आणि पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं.

"पटेला म्हंजे काय?"

"गुडघ्याचं हाड. समोरचं, गोल असतं ते."

"ते तं कुठं असते ते झालं. त्याले पटेला काहून म्हणतात?"

"तसं नावच आहे त्याचं."

"नाव कोणीतरी ठेवलं असन ना, मॅडम. काईतरी पाहूनच ठेवलं असन."

"तुम्ही फक्त लिहा हो भाऊ. अक्षर चांगलं आहे तुमचं म्हणून बोलावलंय."

"अर्थ समजल्याबिगर मी लिहीत नाई," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, ताठा नव्हता. जेवायला बसलेल्या माणसानं आपण वांगं खात नाही हे सांगावं, तसं सांगितलं. मला मात्र राग आला. मी तोंड फिरवून वर्गात गेले. मधल्या सुट्टीत बाहेर येऊन पाहिलं तर भिंत घासून, पांढरी करून झाली होती, आणि आठ फुटी माणूस कोळशाच्या रेघांत उभा राहिला होता. नाव मात्र एकही नाही.

ही सवय त्यांना कशी लागली, ते मला पुढं कळलं. धर्मपालभाऊ यवतमाळच्या पाटीपुऱ्यातले. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर नंबर छापायचे. तिथं काळ्या रंगाचा डबा आणि पत्र्यात कापलेली अक्षरं हाताळता हाताळता पोराला अक्षरांचं वेड लागलं. एकोणिसाव्या वर्षी पहिलं मोठं काम मिळालं, ते इंद्रजित डॉक्टरांच्या नव्या दवाखान्याचं. दहा फुटांची पाटी. धर्मपालभाऊंनी तीन दिवस जीव ओतून लिहिलं, 'अस्थिरोगतज्ञ'. डॉक्टर खाली उभे राहून मान वाकडी करून बराच वेळ पाहत राहिले.

"अक्षर झकास आहे. पण एक ज कमी पडला."

पोराचा चेहरा पडला. डॉक्टरांनी त्याला शिडीवरून खाली बोलावलं, खिशातलं प्रिस्क्रिप्शनचं पॅड काढलं आणि लिहून दाखवलं. तत् म्हणजे ते. ज्ञ म्हणजे जाणणारा. ते जाणणारा तो तज्ज्ञ. दोन्ही जोडताना त् चा ज् होतो, म्हणून तो जास्तीचा ज. "शब्द कशाचा बनला ते माहीत असलं की चूक होत नाही," डॉक्टर म्हणाले. मग पाटीवरच्याच 'ऑर्थोपेडिक' चाही अर्थ सांगितला. ऑर्थो म्हणजे सरळ, पेडिक म्हणजे पाय. पाय सरळ करणारा.

झालं. तेव्हापासून यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, जिथं जिथं डॉक्टरची पाटी लिहिली, तिथं तिथं धर्मपालभाऊंनी आधी अर्थ विचारला. काही डॉक्टर सांगायचे, काही चिडायचे, काही दोन दिवसांनी पुस्तक पाहून सांगायचे. क्लिनिक हा शब्द खाटेवरून आला हे कळलं, तेव्हा ज्याची पाटी चालू होती त्या डॉक्टरला ते म्हणाले, "साहेब, एक तरी बाज टाका आत. नाई तं बोर्ड खोटा पडते." त्या डॉक्टरनं खरंच एक खाट आणून टाकली.

मग फ्लेक्स आले. संगणकावर पाटी तासाभरात तयार व्हायला लागली. धर्मपालभाऊ शाळांच्या भिंतींकडे वळले. पाढे, नकाशे, झाडं, पक्षी करत करत ते आमच्या भिंतीपर्यंत पोचले होते.

त्या दिवशी मी दारव्ह्याला घरी गेले ती त्यांचा शब्द डोक्यात घेऊनच. कॉलेजात असताना शब्दांच्या मुळांचा एक जाडजूड कोश घेतला होता, तो माळ्यावरून काढला. पटेला सापडलं. दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर सही करायच्या आधी मी भिंतीपाशी गेले.

"भाऊ, पटेला म्हणजे छोटी थाळी. लॅटिन शब्द आहे."

ते शब्द मनाशी घोळवू लागले. ओठ हलत होते. तेवढ्यात रस्त्यापलीकडून आवाज आला, "मंग वाटीच म्हणा ना!"

ही जमनीबाई. जवळच्या तांड्यावरून रोज भाजी घेऊन येते आणि शाळेसमोरच्या कडुनिंबाखाली पोतं अंथरून बसते. सारी पोरं तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. ती आपल्या गुडघ्यावर थाप मारत म्हणाली, "माही वाटी घसली म्हणते डॉक्टर. थाळी काय अन् वाटी काय, भांडंच ना ते!"

धर्मपालभाऊंनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "बाप्पा! त्यायले बी भांडंच दिसलं अन् आपल्याले बी भांडंच दिसलं!" आणि ते इतके हसले, की दोन वर्गांच्या खिडक्यांत पोरं गोळा झाली. भिंतीवर पहिला शब्द चढला, पटेला. खाली लिहिलं, गुडघ्याची वाटी. शेजारी त्यांनी एक छोटी पितळी वाटी काढली, काठावर उजेडाची रेघ असलेली.

मग मलाच चटक लागली. रोज घरून पाच-सहा अर्थ शोधून न्यायचे. पोटरीच्या स्नायूचं ते लांबलचक नाव, गॅस्ट्रोक्नेमियस. त्याचा ग्रीक अर्थ निघाला पायाचं पोट. आणि आपली पोटरी तरी दुसरं काय सांगते? ऑस्टिओ म्हणजे हाड, हे मी वाचून दाखवलं तर धर्मपालभाऊ म्हणाले, "विहारात पालीच्या वर्गात आमी अट्ठि म्हणतो हाडाले. अट्ठि, अस्थी, ऑस्टिओ. एकाच घरचे दिसतात." कोश उघडला तर खरंच एकाच घरचे होते.

मसल म्हणजे छोटा उंदीर, हे कळल्यावर सातवीच्या वर्गात भांडण पेटलं. आपण दंडातल्या त्या गोळ्याला बेटकुळी म्हणतो, म्हणजे बेडकी. सगळी पोरं बाह्या सारून हात वळवून एकमेकांना दाखवत होती. उंदीर, उंदीर! नाही, बेडकी! वर्षा नावाची एक किडकिडीत पोरगी पुढं आली, तिनं दंड असा काही फुगवला की खरोखर आत काहीतरी टुणकन उडाल्यासारखं झालं. बेडकीवाले जिंकले. धर्मपालभाऊंनी मात्र दोघांनाही जागा दिली.

पण डोळ्याचा दिवस मी विसरणार नाही. प्युपिल म्हणजे छोटी बाहुली, असं मी सांगितलं आणि म्हटलं, "आपणही डोळ्याची बाहुलीच म्हणतो. पण का, ते काही मला माहीत नाही. कोशात लिहिलंय, पण नीट कळलं नाही."

धर्मपालभाऊ रस्ता ओलांडून जमनीबाईसमोर उकिडवे बसले.

"याडी, जरा माह्याकडं पाह्य. हालू नको."

"काहून रे?"

"पाह्य तं खरी."

ते तिच्या डोळ्यात वाकून पाहत राहिले. मग हातातला ब्रश हळूच वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. "मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "मी दिसून राह्यलो. एवढासा. ब्रश घेऊन."

मी धावत गेले. जमनीबाईच्या काळ्याभोर डोळ्यात मीही होते, बोटाच्या पेराएवढीही नाही, साडी नेसलेली बाहुली. जमनीबाई वैतागली, "माह्या डोळ्यात जत्रा भरवता का?" आणि मग तिनंही माझी हनुवटी धरली, माझ्या डोळ्यात डोकावली आणि लाजून पदर नीट केला. त्या दिवशी पुढचे दोन तास शाळा अशी झालीच नाही. दीडशे पोरं जोडीजोडीनं समोरासमोर उभी राहून एकमेकांच्या डोळ्यात स्वतःला शोधत होती. मुख्याध्यापकही पाहून गेले.

आणि नेमकं दुसऱ्या दिवशी मी चूक केली. चूक म्हणजे, बोलले ते खरं होतं, पण सगळ्यांसमोर बोलले. धर्मपालभाऊ शिडीवरून पोरांना आपल्या पहिल्या पाटीची गोष्ट सांगत होते. "ऑर्थो म्हंजे सरळ. पेडिक म्हंजे पाय. सायकलचं पेडल असते ना, तोच शब्द."

"नाही हो भाऊ," मी सहज म्हटलं, "कालच वाचलं मी. त्यातलं पेड म्हणजे लेकरू. लेकरांची वाकडी हाडं सरळ करायची विद्या, असा मूळ अर्थ आहे."

त्यांचा हात थांबला. ते खाली उतरले. "पक्कं?" मी पिशवीतला कोश दाखवला, वाचून अर्थ सांगितला. ते शिडीच्या पायरीवर बसले.

"बत्तीस वर्षं, मॅडम. बत्तीस वर्षं मी लोकायले पाय सांगून राह्यलो. अन् लेकरायच्या डॉक्टरचे अकरा बोर्ड केले म्या, पीडियाट्रिकचे. त्यात तेच लेकरू डोळ्यासमोर बसलं होतं. दिसलं नाई."

त्यांनी डबे बंद केले, ब्रश रॉकेलमध्ये धुतले आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. भिंतीवरचा माणूस छातीपर्यंत नावं घेऊन उभा होता, वर डोकं, डोळा सोडला तर, कोरं. जमनीबाई मला रोज विचारायची, "काय बोलली तू त्याले?" मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

चौथ्या दिवशी शाळेसमोर एक गाडी थांबली. पुढून धर्मपालभाऊ उतरले, मागून काठी टेकत एक उंच म्हातारे गृहस्थ. "मॅडम, हे इंद्रजित डॉक्टर."

झालं होतं असं. धर्मपालभाऊ इथून निघाले ते दोन दिवस नुसते घरात बसले. ज्या माणसानं आपल्याला अर्थ विचारायला शिकवलं त्याचाच अर्थ चुकला, हे त्याला सांगायचं की नाही? सांगितलं तर एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला वाईट वाटेल. नाही सांगितलं तर त्याच्याकडून शिकलो तरी काय? तिसऱ्या दिवशी ते डॉक्टरांच्या घरी गेले. पहिला चहा संपेपर्यंत बोलवेना. दुसऱ्या चहाला एका दमात सांगून टाकलं.

"मी उठलो, माझा कोश काढला," पुढची गोष्ट डॉक्टरांनीच मला सांगितली. "भिंग लावून पाहिलं. लेकरूच! जन्मभर म्हाताऱ्यांचे गुडघे दाबले मी, त्या लेकरांच्या पाटीखाली बसून. इतका हसलो की सून पाणी घेऊन धावत आली. तिला वाटलं मला ठसका लागला."

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. हे मला आधी कोणी का सांगितलं नाही, याचं वाईट वाटलं." ते धर्मपालभाऊंकडे वळले. "याला शिकवलेला एक ज मला केवढा फळला, पाहा."

धर्मपालभाऊ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभे होते, पण चेहरा पोरासारखा उजळला होता. डॉक्टरांनी भिंत खालपासून वरपर्यंत मोठ्यानं वाचली. बेडकीपाशी थांबून स्वतःचा सुरकुतलेला दंड वळवून पाहिला. मग रस्ता ओलांडून जमनीबाईच्या पोत्यावर जाऊन बसले आणि तिचा गुडघा दाबून म्हणाले, "वाटी शाबूत आहे हो बाई. नुसतं उकिडवं बसणं बंद करा, उंच पाटावर बसा." जमनीबाईनं त्यांना जुडीभर मेथी दिली.

पुढच्या आठवड्यात भिंत पुरी झाली. येणारी-जाणारी माणसं थांबून वाचतात, एसटीची वाट पाहणारे पाहुणे गुडघे चाचपून पाहतात. माझ्या वर्गात आता कुठलाही शब्द फळ्यावर लिहिला की मागून कोणीतरी विचारतंच, "पण बाई, असं काहून म्हणतात?" धडा मागं पडतो. पडू दे.

धर्मपालभाऊ सध्या झरी जामणीकडे एका शाळेत भिंत करताहेत. तिथली पोरं प्रत्येक अवयवाचं कोलामी नावही सांगतात, आणि त्या नावाचा अर्थ विचारायला भाऊ पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, म्हाताऱ्यांकडे फिरतात. काम एका महिन्याचं होतं, तिसरा चालू आहे. काल दुपारी त्यांचा फोन आला.

"मॅडम, स्टेथोस्कोप काढून राह्यलो. स्कोप म्हंजे पाह्यणं, ते मले माहीत हाय. स्टेथो?"

मी कोश उघडला. "छाती."

"म्हंजे छाती पाह्यचं यंत्र?"

"हो."

"पण त्यानं तं आयकतात!"

मी पुन्हा पान चाळलं. फोनवर ते थांबले होते, मागून पोरांचा गलका येत होता.