दाजींचा डावा हात

आमच्या दाजींइतका यंत्रांवर जीव आणि माणसांवर संशय ठेवणारा दुसरा इसम अवघ्या हिंगोली जिल्ह्यात नाही, हे मी कोणत्याही कचेरीत लिहून देण्यास तयार आहे. आणि लिहून देणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे या विधानाचे वजन वाचकांनी ध्यानात घ्यावे. कळमनुरीच्या तहसीलीसमोर लिंबाखाली टेबल टाकून मी अर्ज लिहितो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान, राहणार आखाडा बाळापूर. हळद शिजवण्याचा बॉयलर आणि पॉलिशचा ड्रम घेऊन हंगामभर गावोगाव फिरणे हा त्यांचा धंदा. औंढ्याला दर्शनास नेले, तर गृहस्थ देवळाऐवजी जनरेटरपाशी हात जोडून उभे. स्वतःच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना ते बँडवाल्याच्या गाडीखाली निजून काहीतरी आवळत होते, आणि शेवटी धावत येऊन त्यांनी टाकलेल्या अक्षता ग्रीसने काळ्या पडल्या होत्या. एकदा गावच्या पिठाच्या गिरणीविरुद्ध त्यांनी माझ्याकडून अडीच पानी तक्रार लिहवून घेतली. मी ती मुद्देसूद तयार करून बाळापूरला नेली, तर हे गिरणीतच पट्टा बसवत बसलेले. म्हणाले, "अर्ज मागं घ्या, पाव्हणं. मशीनची काई चूक न्हाई, मालकच येडा हाय."

बंद पडलेल्या यंत्राला ते प्रथम कान लावीत, मग "काहून रुसली गं?" असे विचारीत आणि शेवटी एक चापट मारीत. प्रत्येक यंत्राला चापटीची एक जागा नेमून दिलेली असते, असा त्यांचा सिद्धांत होता. "मशीन अन् म्हैस, जागा बराबर सापडली की ऐकते." आणि मी साक्षीने सांगतो, यंत्रे ऐकत असत.

असा हा माणूस गेल्या हंगामात बॉयलरपाशी उभा असताना एकाएकी खाली बसला. लकव्याचा झटका सौम्य होता. पाय आला, वाचा आली, डावा हात मात्र लोंबकळत राहिला. दाजी तो गमछ्याखाली झाकून ठेवू लागले. कोणी विचारले, तर "डावा कामावर येऊन न्हाई राहिला," एवढेच म्हणत. बॉयलर गोठ्यामागे उभा राहिला. अक्काने मला बोलावून घेतले आणि सांगितले, "तू चार साहेबांशी बोलतोस. यांना पुण्याला दाखवून आण. हात गेला असंल तर तसं सांग, मी ड्रम विकून टाकते."

पुण्याच्या डॉक्टरांनी दोन तास तपासण्या केल्या आणि म्हणाले, "नसा चांगल्या आहेत. हात चालू शकतो, मालक चालवत नाहीत." मी आनंदलो, दाजींनी गमछा आणखी ओढून घेतला. परतीची गाडी सायंकाळी होती. रस्त्याने चालताना एका इमारतीवर जुन्या खेळांच्या यंत्रांचे संग्रहालय अशी पाटी दिसली, आणि दाजींचे पाऊल आपोआप तिकडे वळले.

आत यंत्रांच्या रांगाच रांगा होत्या. दिवे, घंटा, शिट्ट्या. दाजी एका तिरप्या, काचेच्या झाकणाच्या मेजापाशी थांबले. तेथील देखरेखीच्या बाईंनी खेळ समजावला: आत पोलादी गोळी धावते, ती खाली घरंगळू लागली की दोन बाजूंच्या दोन बटणांनी दोन पाती हलवून तिला वर उडवायचे. पिनबॉल म्हणतात. दाजींनी काचेला कान लावला, मान डोलावली आणि उजव्या हाताने खेळू लागले. गोळी डावीकडूनच घरंगळत गेली. दुसरीही गेली. तेव्हा त्यांनी सवयीप्रमाणे यंत्राच्या कुशीवर एक अस्सल बाळापुरी चापट मारली, आणि सगळे दिवे विझले.

"काका, धक्का दिला की हे खेळ थांबवतं," बाई म्हणाल्या. "तशी रचनाच आहे त्याची."

"म्हंजे मारलं की काम सोडतं?" दाजींनी यंत्रावरचा हात अदबीने काढून घेतला. "लई स्वाभिमानी हाय."

मी तत्काळ पिशवीतून कागद काढून, अनवधानाने लागलेल्या चापटीबद्दल दिलगिरी आणि खेळ पूर्ववत सुरू होण्याबाबत विनंती, असा अर्ज लिहून दिला. बाईंनी तो शेवटपर्यंत वाचला, घडी करून जपून ठेवला आणि यंत्र सुरू केले. "आता दोन्ही हातांनी खेळा."

"डावा रजेवर हाय," दाजी म्हणाले. "पाव्हणं, तुमी बसा त्याच्या जागी."

डाव्या बटणावर माझी नेमणूक झाली. विचार करून कृती करण्याची मला सवय. गोळीला ती नव्हती. मी दाबेपर्यंत ती गेलेली असे.

"दाबा की."

"दाबले."

"गेल्यावर दाबलं. तलाठ्याचा दाखला हाय का हा?"

पुढची गोळी आली. दाजींनी ती उजवीकडून वर उडवली, ती चार घंटा वाजवून डावीकडे वळली, मी नीट अंदाज घेऊ लागलो, तोच "सरका तिकडं" म्हणत कोणीतरी माझा हात झटकन बाजूला सारला. पाते उडाले. गोळी वर गेली. पुन्हा आली, पुन्हा उडाली. गमछा खाली पडला होता. बाई हसत होत्या. मी मनगट चोळत उभा होतो, आणि मला ढकलले कोणत्या हाताने, हे उमगेपर्यंत गोळी आणखी तीनदा वर जाऊन आली होती. गोळी अखेर गेली, तेव्हा दाजींनी बटणावरची आपली डावी बोटे पाहिली, सावकाश मिटली, सावकाश उघडली.

"आला की कामावर," ते हळूच म्हणाले. मग यंत्राच्या कुशीवर, जिथे चापट मारली होती तिथे, त्याच हाताचा तळवा ठेवून उभे राहिले. माझ्या छातीवरून बॉयलर उतरवल्यासारखे मला वाटले.

फोनवर सांगितले, तर अक्काचा विश्वास बसेना. सकाळी बाळापूरला उतरलो, तर तिने दाजींना काही विचारले नाही. माझा हात धरून ओसरीच्या उजेडात नेला आणि मनगटावरचा नखाचा ओरखडा निरखत राहिली. "यांच्या डाव्याचाच हाय?" तिने विचारले. मी होय म्हटल्यावर आत गेली, चिमूटभर हळद आणून त्यावर दाबली आणि बराच वेळ बोट काढले नाही. गोठ्यामागून दाजींचा आवाज येत होता, "काहून रुसली गं?" चापट मात्र ऐकू आली नाही. पुढेही कधी आली नाही.

पुरावा जपून ठेवावा, असे मी प्रत्येक पक्षकाराला बजावत आलो आहे. तो ओरखडा मात्र तिसऱ्या दिवशी बुजला. हळद घरची होती, फारच चांगली.